जपानी भाषेतील आदरस्तर आणि अप्रत्यक्ष नकार

१

जपानी मनुष्य 'नाही' असे म्हणत नाही, हे विधान इतक्या वेळा लिहिले गेले आहे की त्यास प्रमाण मागण्याची आवश्यकता आता कोणास भासत नाही. प्रवासवर्णनांत ते आढळते, व्यापाऱ्यांकरिता लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकांत आढळते, आणि थोड्या सावध शब्दांत भाषाविज्ञानाच्या ग्रंथांतही आढळते. १९७४ साली उएदा केइको यांनी जपानमध्ये 'नाही' म्हणणे टाळण्याचे सोळा प्रकार सांगणारा लेख इंग्रजीत लिहिला. १९८९ साली मोरिता आकिओ आणि इशिहारा शिन्तारो यांनी 'नाही म्हणू शकणारा जपान' अशा अर्थाचे नाव आपल्या पुस्तकास दिले, तेव्हा त्या नावाचा सारा भार याच समजुतीवर होता. या समजुतीस दुसरी एक नेहमी जोडलेली असते. ती अशी की, जपानी भाषेत आदराचे अनेक स्तर आहेत आणि म्हणूनच तीत स्पष्ट नकारास जागा उरत नाही. आदर हे कारण, संदिग्धता हे त्याचे कार्य.

हा कार्यकारणसंबंध प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे. आदरस्तर आणि अप्रत्यक्षता या दोन भिन्न गोष्टी असून त्या एकमेकींवाचून राहू शकतात. आणि ज्यास अप्रत्यक्ष नकार म्हणतात तो जपानी श्रोत्यास बहुधा संदिग्ध वाटत नाही, असे येथील प्रतिपादन आहे. प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. एखाद्याचा नकार अस्पष्ट होता असे ठरले, म्हणजे तो न ऐकण्याची सवलत दुसऱ्यास मिळते. ही सवलत कोणास व कशाच्या आधारावर मिळते, हे पाहणे भाषाभ्यासकाचेही काम आहे.

२

जपानी आदरव्यवस्थेस 'केइगो' म्हणतात. युरोपीय भाषेत तिचे विस्तृत विवेचन प्रथम केले ते जुआंव रॉड्रिग्ज या पोर्तुगीज जेझुइटाने. त्याचे व्याकरण १६०४ ते १६०८ या काळात नागासाकी येथे छापले गेले. जपानातील जेझुइटांचे मुद्रणालय युरोपातून गोव्यामार्गे तेथे पोहोचले होते. त्या प्रवासात असलेल्या हारा मार्तिनो या जपानी युवकाचे लॅटिन भाषण १५८८ साली गोव्यातच छापले गेले. साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांचे कार्य चालू होते तो हाच काळ. या जुन्या व्याकरणाची लक्षणीय गोष्ट अशी की, आदरवाचक व विनयवाचक रूपांची चर्चा त्यात व्याकरणाचा भाग म्हणून येते. राष्ट्रस्वभावाचे गूढ म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची रीत पुढची आहे.

रूपांची व्यवस्था थोडक्यात अशी. 'जाणे' या अर्थाचे साधे क्रियापद 'इकु'. ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याचा मान राखण्यासाठी 'इराश्शारु' हे वेगळे क्रियापद येते. बोलणारा स्वतःकडे कमीपणा घेतो तेव्हा 'माइरु' किंवा 'उकागाउ' येते. याखेरीज ज्याच्याशी बोलणे चालले आहे त्याच्याविषयीचे सौजन्य क्रियापदाच्या अंती 'मासु' किंवा नामानंतर 'देसु' लावून व्यक्त होते. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार परिषदेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत या रूपांचे पाच वर्ग केले आहेत: आदररूपे, विनयरूपांचे दोन प्रकार, सौजन्यरूपे आणि शोभारूपे. विनयाचे दोन प्रकार करण्याचे कारण सूक्ष्म आहे. 'उकागाउ' म्हणताना ज्याच्याकडे जावयाचे त्यास मान मिळतो. 'माइरु' म्हणताना तो मान ऐकणाऱ्याकडे जातो. म्हणून धाकट्या भावाकडे जाण्याविषयी परक्या माणसाशी बोलताना 'माइरिमासु' चालते, 'उकागाइमासु' चालत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट दिसते. ज्याच्याविषयी बोलणे आहे त्याचा आदर आणि ज्याच्याशी बोलणे आहे त्याचा आदर हे जपानीत दोन स्वतंत्र अक्ष आहेत. 'सेन्सेइ गा इराश्शारु' हे वाक्य एक विद्यार्थी आपल्या मित्रास म्हणेल, तेव्हा त्यात गुरूस मान आहे आणि मित्राशी सलगी आहे. 'सेन्सेइ गा किमासु' या वाक्यात श्रोत्याशी सौजन्य आहे, पण गुरूसाठी खास आदररूप नाही. मराठीत 'गुरुजी येत आहेत' या वाक्यातील आदरार्थी बहुवचन गुरुजींचे आहे. ऐकणारी धाकटी बहीण असो वा जिल्हाधिकारी, क्रियापद बदलत नाही. मराठी भाषकास जपानी आदररूपे ओळखीची वाटतात ती पहिल्या अक्षामुळे, आणि त्याची चूक होते ती दुसऱ्यापाशी.

आणखी एक भेद आहे. जपानीत आदर 'आतले' आणि 'बाहेरचे' यांच्या सीमेप्रमाणे बदलतो. कचेरीत ज्या वरिष्ठाविषयी कारकून आदररूपे वापरतो, त्याच वरिष्ठाविषयी बाहेरच्या ग्राहकाशी बोलताना तो विनयरूप योजतो. साहेब जागेवर नाहीत हे सांगताना 'ओरिमासेन' म्हणतो. त्या क्षणी साहेब 'आतले' झालेले असतात. 'आमचे साहेब बाहेर गेले आहेत' असे ग्राहकास सांगणाऱ्या मराठी कारकुनाच्या मनात असा पालट होत नाही. जपानी आदरस्तर हा व्यक्तीला कायमचा चिकटलेला बिल्ला नाही. तो प्रत्येक प्रसंगी नव्याने मोजावा लागणारा संबंध आहे.

३

आता नकाराकडे वळू. आदर वाढला की स्पष्टता कमी होते हा सिद्धान्त खरा असेल, तर अत्यंत आदरयुक्त नकार अत्यंत अस्पष्ट असावयास हवा आणि सलगीचा नकार नेहमी उघड असावयास हवा. वस्तुस्थिती अशी नाही. पुढील चार नकार पाहावेत.

मित्राच्या विनंतीस मित्र 'मुरि' म्हणतो, म्हणजे 'जमणार नाही'. येथे स्तर साधा आणि नकार सरळ आहे. तोच मित्र शनिवारच्या बेताविषयी 'दोयोबी वा चोत्तो ने…' एवढेच म्हणून थांबतो. 'चोत्तो' म्हणजे 'जरा'. शनिवार जरा काय, हे तो सांगत नाही. येथेही स्तर साधाच आहे, पण नकार अप्रत्यक्ष आहे. कंपनीचा अधिकारी एखाद्या प्रस्तावावर 'केन्तो सासेते इतादाकिमासु' म्हणतो, म्हणजे 'विचार करण्याची परवानगी आम्ही घेतो'. येथे स्तर उच्च आणि नकार, तो असलाच तर, अप्रत्यक्ष आहे. चौथे वाक्य 'ओकोतोवारि सासेते इतादाकिमासु'. याची शब्दशः फोड केली तर 'नकार देण्याची मुभा आपल्याकडून मिळते, ती मी नम्रपणे घेतो' असा अर्थ निघतो. विनयाची इतकी दाट योजना असूनही या वाक्याइतका निःसंदिग्ध नकार शोधून सापडणार नाही. ते ऐकल्यावर कोणी दुसऱ्यांदा विचारीत नाही.

चारही घरे भरलेली आहेत. यास्तव आदरस्तर व अप्रत्यक्षता यांत कार्यकारणसंबंध मानता येत नाही. किंबहुना काही वेळा संबंध उलटाच दिसतो. नेहमी साध्या रूपांत बोलणारी जवळची व्यक्ती अचानक 'केक्को देसु' म्हणाली, तर त्या सौजन्यरूपानेच नकार थंड आणि पक्का होतो. स्तर वाढला म्हणजे जिव्हाळा वाढला असे नव्हे. स्तर वाढविणे हा अंतर वाढविण्याचाही मार्ग आहे.

चौथ्या वाक्यातील 'कोतोवारि' हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. 'कोतोवारु' हे क्रियापद 'कोतो' म्हणजे गोष्ट आणि 'वारु' म्हणजे फोडणे, विभागणे यांपासून झाले आहे. गोष्टीची फोड करून न्याय-अन्याय ठरविणे, कारण उलगडून सांगणे, हे त्याचे जुने अर्थ. अभिजात वाङ्मयात 'कोतोवारि' हे नाम तत्त्व, न्याय या अर्थी येते. पूर्वसूचना देणे हाही त्याचा अर्थ आजपर्यंत टिकला आहे. ज्या भाषेस नकाराचे वावडे आहे असे म्हणतात, तिच्यातील नकाराचा नेहमीचा शब्दच मुळात कारणमीमांसेचा शब्द आहे.

मग 'दोयोबी वा चोत्तो…' या अर्ध्या वाक्यात नकार कोठे आहे? तो शब्दाशब्दांत दिसत नाही, तरी वाक्याच्या घडणीत आहे. 'वा' हा निपात शनिवारास इतर दिवसांपासून वेगळा काढतो. मराठीत 'शनिवार म्हणजे जरा…' म्हटले की नेमके हेच घडते. 'चोत्तो'नंतरचा विराम श्रोत्याकडे पाळी सोपवितो. श्रोता 'आ, सो देसु का' म्हणजे 'अस्सं का' म्हणतो, आणि 'मग पुन्हा केव्हातरी' असे म्हणून आपली विनंती मागे घेतो. नकार असा दोघांनी मिळून पुरा होतो. ज्याने नकार द्यावयाचा तो वाक्य आरंभितो आणि ज्याने तो घ्यावयाचा तो ते मनोमन संपवितो. विचारणाऱ्याने आपण होऊन प्रश्न परत घेतल्यामुळे नाकारले गेल्याचा कमीपणा त्यास येत नाही. 'इकिताइ नो देसु गा…' म्हणजे 'यावयाची इच्छा आहे, पण…' या वाक्याचीही रचना अशीच आहे. 'गा' या उभयान्वयी शब्दावर वाक्य थांबले, की पुढचे वाक्य काय हे दोघांनाही ठाऊक असते.

४

या विषयावरील प्रमुख सिद्धान्त या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहेत. ब्राऊन आणि लेविन्सन यांनी १९७८ साली मांडलेल्या व १९८७ साली ग्रंथरूपाने आलेल्या उपपत्तीप्रमाणे सौजन्य म्हणजे परस्परांची प्रतिष्ठा सांभाळण्याचे डावपेच. वक्ता संकटाचे वजन पाहून डाव निवडतो. मात्सुमोतो योशिको यांनी १९८८ साली आणि इदे साचिको यांनी १९८९ साली यावर जो आक्षेप घेतला तो मार्मिक आहे. जपानीत हवामानाविषयी बोलतानाही क्रियापदाचा स्तर ठरवावाच लागतो. तेथे कोणाच्या प्रतिष्ठेस धोका नसतो आणि निवडही नसते. तेथे 'वाकिमाए', म्हणजे आपले स्थान ओळखून वागणे, एवढेच असते.

आदररूपांपुरता हा आक्षेप मान्य करावा लागतो. परंतु तो नकारास जसाच्या तसा लावला की घोटाळा होतो. 'मासु' लावावयाचे की नाही हे बहुधा प्रसंग ठरवितो. येतो म्हणावयाचे की येत नाही, हे माणूस ठरवितो. जो नकार देतो त्यास स्तराचे बंधन पाळूनही आपली इच्छा व्यक्त करावयाची असते. म्हणून नकाराच्या वाक्यात वाकिमाए आणि निवड ही दोन्ही एकाच वेळी काम करीत असतात. इदे यांची उपपत्ती वाक्याचा पोशाख समजावून देते, ब्राऊन-लेविन्सन यांची उपपत्ती वक्त्याचा हेतू समजावून देते. एकीच्या जागी दुसरी ठेवण्याचे कारण नाही.

प्रयोगाधारित संशोधनाची उणीव वेगळ्या ठिकाणी आहे. बीबी, ताकाहाशी आणि युलिस-वेल्ट्झ यांचा १९९० सालचा अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो, आणि तो मान योग्य आहे. विनंती, आमंत्रण, देऊ केलेली वस्तू व सूचना यांना दिलेल्या नकारांचे घटक पाडून त्यांनी दाखविले की, जपानी भाषक समोरच्याच्या दर्जानुसार नकार बदलतात आणि त्यांची कारणे अमेरिकनांच्या कारणांपेक्षा मोघम असतात. परंतु ही सामग्री लेखी प्रश्नावलीतून गोळा केलेली होती. कागदावरील रिकाम्या जागेत वाक्य लिहिणाऱ्यास ते पुरे करावे लागते. विराम, श्वास, अर्धवट सोडलेला 'गा' आणि समोरच्याने घेतलेली माघार यांना त्या जागेत स्थान नसते. जो नकार दोघांनी मिळून पुरा होतो, तो एकाच्या हातून लिहवून घेतला तर त्याचे अर्धेच अंग हाती लागते. आणि त्या अर्ध्याकडे पाहून 'मोघम' हे विशेषण देणे सोपे होते. उएदा यांच्या लेखाच्या नावातही हाच दोष आहे. ते सोळा प्रकार जर श्रोत्यास नकार म्हणूनच कळत असतील, तर ते 'नाही' टाळण्याचे प्रकार कसे? ते 'नाही' म्हणण्याचे प्रकार ठरतात.

५

संदिग्ध जपानी शब्दांनी इतिहास घडविल्याच्या दोन कथा नेहमी सांगितल्या जातात. पहिली १९४५ सालची. पॉट्सडॅमच्या घोषणेविषयी २८ जुलै रोजी पत्रकारांशी बोलताना पंतप्रधान सुझुकी कान्तारो यांनी 'मोकुसात्सु' हा शब्द वापरला. त्याचे घटक 'मौन' आणि 'मारणे' असे आहेत. 'तूर्त भाष्य नाही' असा त्याचा सौम्य अर्थ होता, भाषांतरकारांनी तो कठोर केला, आणि त्यातून ६ ऑगस्टचा हिरोशिमा घडला, असे या कथेचे तात्पर्य. परंतु 'मोकुसात्सु' हा केइगोचा शब्द नाही. तो उपेक्षेचा शब्द आहे. वृत्तपत्रांतून आलेल्या त्या निवेदनात घोषणेस महत्त्व देत नसल्याचे आणि युद्ध शेवटास नेण्याचेही उद्गार होते. एक शब्द त्याच्या वाक्यातून उपटून त्याच्या माथी लाखभर मृत्यू मारणे, हे भाषेस फाजील सामर्थ्य बहाल करणे आहे आणि निर्णय घेणाऱ्यांस मोकळे सोडणेही आहे.

दुसरी कथा नोव्हेंबर १९६९ ची. ओकिनावा परत मिळविण्याच्या वाटाघाटींत अमेरिकेने जपानी कापडाच्या निर्यातीवर मर्यादा मागितली. पंतप्रधान सातो एइसाकु यांनी 'झेन्शो शिमासु', म्हणजे 'योग्य ते करू', असे म्हणून सभ्य नकार दिला आणि निक्सन यांनी तो होकार समजला, असे सांगतात. पुढे १९९४ साली सातो यांचे गुप्त दूत वाकाइझुमी केइ यांनी आपले आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. किसिंजर यांच्याशी झालेल्या पडद्यामागील बोलण्यांत अण्वस्त्रांबरोबर कापडाचा प्रश्नही होता, हे त्यावरून दिसते. वचन देऊन ते पाळणे देशांतर्गत राजकारणामुळे कठीण गेले, ही घटना अनुवादातील गैरसमजाची म्हणता येत नाही. जपानी लोकांनी तर त्या वेळीच त्यावर कोटी केली होती: 'सूत विकून दोर घेतला'. 'नावा' म्हणजे दोर, आणि ओकिनावाच्या नावात तो आहेच. जेथे सौदा झाल्याचे सामान्य वाचकास कळत होते, तेथे दोष क्रियापदावर टाकण्यात आला.

याच्या उलट पुरावा अलीकडचा आहे. पंतप्रधान किशिदा फुमिओ विधिमंडळात वारंवार 'विचार करू' म्हणजे 'केन्तो' म्हणत, त्यावरून २०२२ च्या सुमारास त्यांना 'केन्तोशि' म्हणू लागले. प्राचीन काळी चीनच्या तांग दरबारी जाणाऱ्या जपानी वकिलातीचे नाव उच्चारात हेच होते. ही कोटी ज्या समाजात हशा पिकविते त्या समाजास 'विचार करू' याचा अर्थ समजत नाही, असे कोण म्हणेल?

क्योतोविषयीच्या आख्यायिकांचेही असेच आहे. तेथे पाहुण्यास चहा ओतलेला भात घेण्याचा आग्रह झाला म्हणजे उठण्याची वेळ झाली असे समजावे, असे सांगतात. कामिगाता प्रांताच्या 'राकुगो' या कथनकलेत या विषयावर 'क्योचे चाझुके' ही कथाच आहे. ओसाका-तोक्योकडचे लोक क्योतोविषयी जे बोलतात तेच जग जपानविषयी बोलते. अप्रत्यक्षता नेहमी शेजाऱ्याच्या घरी सापडते; आपली अप्रत्यक्षता आपणास सरळ बोलण्यासारखी वाटते. 'बघू' हा मराठी शब्द काय किंवा 'आपला अर्ज विचाराधीन आहे' हे कचेरीतील वाक्य काय, त्यांचा अर्थ लावण्यास मराठी माणसास राष्ट्रस्वभावाची उपपत्ती लागत नाही.

६

म्हणजे जपानी नकारात संदिग्धता मुळीच नसते काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाचे होईल. 'केन्तो शिमासु' म्हणणारा कधी खरोखरच विचार करणार असतो. तारीख ठरते किंवा कसे, पुढचे प्रश्न विचारले जातात किंवा कसे, यावरून श्रोता ते ताडतो. 'केक्को देसु' हे 'उत्तम' आणि 'नको' या दोन्ही अर्थी येते, आणि स्वर व प्रसंग यांवाचून ते ठरत नाही. परंतु अशी संदिग्धता वाचण्याची संकेतव्यवस्था जेथे सामायिक असते, तेथे गैरसमज क्वचित होतो. ती सामायिक नसते, किंवा असूनही एका पक्षास ती मानावयाची नसते, तेथे खरा प्रश्न उभा राहतो.

अर्धे वाक्य पुरे करण्याचे काम श्रोत्याकडे असते, हे वर पाहिले. श्रोता समान दर्जाचा असेल तर तो ते करतो. तो वरिष्ठ असेल, आणि वाक्य पुरे न करण्यात त्याचा फायदा असेल, तर तो थांबून राहू शकतो. 'म्हणजे येणार ना?' असे विचारू शकतो. अशा वेळी कनिष्ठाकडे सरळ नकाराची भाषा असते, पण ती वापरण्याची किंमत त्यास परवडत नाही. १९५२ साली जपानच्या राष्ट्रभाषा परिषदेने 'यापुढील केइगो' या निवेदनात आदरभाषा श्रेष्ठ-कनिष्ठ भावावर न उभारता परस्परांच्या सन्मानावर उभारावी असे सुचविले आणि संभाषणाचा पाया म्हणून 'देसु-मासु' पुढे केले. रूपांच्या बाबतीत या सूचनेचे बरेच चीज झाले. नकाराच्या बाबतीत मात्र रूपे समान झाल्याने सत्ता समान होत नाही, हेच अनुभवास आले.

जपानच्या दंडसंहितेत २०२३ साली झालेला बदल या दृष्टीने भाषाभ्यासकाने वाचण्याजोगा आहे. त्या वर्षी १३ जुलैपासून लागू झालेल्या तरतुदींनी लैंगिक गुन्ह्यांची व्याख्या संमतीच्या अभावावर आणली. असंमतीचा विचार मनात येणे, तो बोलून दाखविणे किंवा तो तडीस नेणे अवघड होईल अशी स्थिती तेथे कसोटी मानली आहे. आणि अशा स्थितीच्या कारणांत आर्थिक वा सामाजिक स्थानाच्या प्रभावामुळे वाटणाऱ्या भीतीचाही निर्देश आहे. नकार उच्चारला गेला नाही एवढ्यावरून तो नव्हता असे ठरत नाही, हे कायद्याने मान्य केले. कोणत्याही भाषेच्या अभ्यासकास याहून गंभीर उदाहरण मिळणे कठीण.

एवंच, जपानी भाषेतील आदरस्तर हे नकार लपविणारे पडदे नाहीत. ते संबंध दाखवितात. नकार त्या संबंधांच्या आत राहून, कधी सरळ आणि कधी अर्ध्या वाक्याने, आपले काम करतो. तो अर्धा ठेवलेला असतो तेव्हा त्याचा उरलेला अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या शहाणपणावर सोपविलेला असतो. अशा वाक्यास 'संदिग्ध' हे विशेषण लावण्यापूर्वी, ते बोलणाऱ्यास पुरे करता आले नाही की ऐकणाऱ्यास पुरे करावयाचे नव्हते, एवढे विचारून पाहण्याचे दायित्व अभ्यासकावर येते.